एका सिंथला दोन वायरी

लेक कॉम्प्युटरवरून तालाचा ठोका सोडायची, तो वायरीतून दोन्ही सिंथना, म्हणजे सूर काढणाऱ्या यंत्रांना, जायचा. पहिला सिंथ सरळ चालायचा. दुसरा चार पावलं नीट, पाचव्याला धडपड, पुढे पिसाळल्यासारखा पळत सुटायचा. पाच वाजता नृत्यमंडळाच्या बाई ऐकायला येणार होत्या. पसंत पडलं तर बहीणभावाला वर्षभर काम. नाहीतर थोरला भाऊ सोमवारपासून गोदामात कामाला.

मशीन बंद करून चालू केलं, सेटिंग तपासलं, ठोका संथ केला. धडपड तशीच.

"दादा, काल तूच काहीतरी बिघडवून ठेवलंस."

"मी हातही लावला नाही. तुझा कॉम्प्युटरच गचके खातोय."

"मग पहिला कसा चालतो? अक्कल गहाण ठेवलीस का? जा, गोदामातच शोभशील तू!"

थोरल्याने दार आपटलं आणि गेला.

आई दाराशी उभी होती. सकाळी धूळ पुसताना तिला पहिल्या सिंथमागे एक जाड वायर लोंबताना दिसली होती. आपल्या घरात काही लोंबत नाही, या तोऱ्यात तिने ती दुसऱ्याच्या बसेल त्या भोकात खोचली होती. भांडण चाललं तेव्हाच तिला ती वायर आठवली होती. पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजणाऱ्या बाईची जीभ अशा वेळी टाळूला चिकटते.

"ती मागची वायर मी लावली," ती आता म्हणाली.

लेक मागे वाकली. "अगं आई! याला युएसबीतून ठोका मिळतोच आहे. या वायरीतून तोच पुन्हा, जरा उशिरानं. एका कानात सासू, दुसऱ्या कानात नणंद!"

"मग सून अडखळणारच."

वायर काढली, सिंथ सुतासारखा सरळ आला. दोघींपैकी कुणालाच हसू आलं नाही. लेक फोन लावत होती, थोरला कापत होता.

आई तशीच निघून बसथांब्यावर गेली. तो रांगेत होता.

"चूक माझी होती. वायर मी खोचली."

"वायरीचं काय घेऊन बसलीस? ती मला गोदामात शोभशील म्हणाली, आणि तू उभी राहून ऐकलंस."

बस आली. तो चढला नाही. घराकडेही वळला नाही. पाचाला पंधरा मिनिटं होती. रांगेतले लोक बघत होते. आईने पदर सावरला आणि पुन्हा सांगितलं, "चुकले मी." या वेळी मान खाली घालून.