आठ पॉइंट चार

दिपमालाचं लॅबच्या बोरसे सरांशी पहिल्या दिवसापासून वाकडं होतं, आणि सरांचं तिच्याशी. पिंपळनेरची ही पोरगी धुळ्याच्या कॉलेजात बीएस्सी केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला होती. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यात प्रत्येक प्रयोग स्वतः करून बघायची खोड, आणि ही खोड त्या लॅबमध्ये कुणालाच मानवणारी नव्हती.

तिथली रीतच न्यारी होती. सीनियरचं जर्नल मागून आणायचं, आकडे उतरवायचे, सरांची सही घ्यायची की सुटलो. ब्युरेटला, म्हणजे आकडे कोरलेल्या काचेच्या नळीला, हात लावायचा तो फोटोपुरता. नळाच्या पाण्यात क्षार किती, हा प्रयोग तर आठ पॉइंट चारच्या पुढे कधी सरकलाच नाही. बोरसे सर नवीन लागले त्या वर्षी त्यांनी स्वतः घेतलेलं ते रीडिंग होतं. पुढच्या चौदा बॅचेसनी ते घराण्याच्या अब्रूसारखं जपलं.

दिपमालाने नळाचं पाणी मोजून घेतलं, अमोनियाचं बफर आणि लाल रंगाचे थेंब टाकले, चुरचुरणारे डोळे पुसले आणि ब्युरेटमधलं द्रावण थेंबथेंब सोडलं. लाल पाणी निळं झालं की थांबायचं; जितके मिलिलिटर जास्त लागतील तितके पाण्यात क्षार जास्त. आठ पॉइंट चार आलं आणि गेलं, पाणी लालच. बारा गेले, वीस गेले. तेवीस पॉइंट सहाला कुठे ते निळं झालं. तिने तीनदा केलं आणि तीनदा तेच आलं.

लॅब अटेंडंट अभिमनभाऊ मागे बाटल्या पुसत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “बेटा, ते रीडिंग महापालिकाना पाणीनं शे. आते बठ्ठं बोरनं पाणी शे. दहा वरीस व्हयनात.”

“मंग तुम्ही सरले का बरं नही सांगत, भाऊ?”

“माले आजून चार वरीस नोकरी करानी शे,” भाऊ म्हणाले आणि बाटल्यांकडे वळले.

भाऊ गप्प बसले. दिपमाला कसली गप्प बसते! तिने जर्नलात तेवीस पॉइंट सहा लिहिलं आणि वही नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली.

बोरसे सरांनी आकडा पाहिला आणि वही मिटली. “चौदा वर्षं सगळे आंधळे होते का गं? एकटे तुझेच डोळे उघडे?”

“सर, तेव्हा पाणी वेगळं होतं. आता बोअरचं आहे. तुम्ही एकदा करून बघा ना.”

“तू मला करून बघायला सांगतेस?” सरांचा आवाज चढला. मागच्या बाकावरची पोरं हसली. “आकडा सुधार. नाही तर सही नाही. सही नाही तर परीक्षा नाही. मग पिंपळनेरला जाऊन बस शेळ्या हाकत!”

तिला वाटलं, ती वही याच्या तोंडावर फेकावी. पण जळगावच्या एका पाइपच्या कारखान्याने पाणी तपासायच्या लॅबसाठी तिला निवडलं होतं. अट एकच होती, आणि ती बोरसे सरांनाही ठाऊक होती. प्रॅक्टिकलला पन्नासपैकी निदान तीस हवेत. परीक्षा तीन दिवसांवर आलेली. तिने तेवीस पॉइंट सहावर काट मारली आणि वर आठ पॉइंट चार लिहिलं. सरांनी सही ठोकली. “आता कशी लाइनीवर आलीस!” त्या दिवशी तिला सरांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. रात्रीचं जेवणही तिला गोड लागलं नाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून जळगावहून महाजन सर आले. पुढच्या आठवड्यात बोरसे सर त्यांच्या कॉलेजात जाणार होते. हे इकडे, ते तिकडे, असा दोघांचा वर्षानुवर्षांचा घरोबा. दिपमालाने चिठ्ठी उचलली आणि नेमकं पाणीच निघालं. आता मात्र तिने ठरवलं, जे येईल तेच लिहायचं. तेवीस पॉइंट सहाच आलं आणि तिने तेच लिहिलं.

महाजन सरांनी एका हातात पेपर धरला आणि दुसऱ्या हातात जर्नल. “पाणी तेच, आकडे दोन? यातला खोटा कोणता?”

“जर्नलातला, सर.”

“अक्षर कुणाचं आहे?”

“माझंच. बोरसे सरांनी लिहायला लावलं. नाही तर सही देत नव्हते.”

बोरसे सर लालबुंद झाले. “चोर तो चोर, वर शिरजोर! पाणी आठ पॉइंट चारचंच आहे. हिला हात स्थिर धरता येत नाही, त्याला मी काय करू?”

“मग आत्ता करते, तुमच्या दोघांसमोर.”

“वेळ संपली,” बोरसे सर म्हणाले. महाजन सर जर्नलाची पानं उलटत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळूनही ते गप्प होते. याचीच दिपमालाला जास्त चीड आली.

तेवढ्यात अभिमनभाऊ पाहुण्यांसाठी शेवभाजीचं जेवण घेऊन आले. सोबत बाहेरून मागवलेला पाण्याचा जार. दिपमालाने ताटाजवळचा रिकामा ग्लास उचलला, कोपऱ्यातल्या नळाखाली भरला आणि बोरसे सरांसमोर ठेवला.

“आठ पॉइंट चारचं आहे ना, सर? मग जार कशाला? हे घ्या.”

महाजन सर ग्लासकडे पाहत राहिले. बोरसे सरांनी मात्र तिच्या डोळ्यांत डोळे घालून ग्लास तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मिशी पुसली. “गोड आहे,” ते म्हणाले. मग महाजन सरांकडे वळले. “लिहा हिला एकोणतीस.”

महाजन सरांनी मान वर न करता एकोणतीस लिहिलं.

कारखाना गेला. एका मार्काने गेला. ती रडेल म्हणून पोरं वाट बघत होती. ती रडली नाही. तिने तोच ग्लास उचलला, पुन्हा नळाखाली काठोकाठ भरला आणि सरांच्या ताटाला टेकवून ठेवला.

“अजून घ्या, सर. आम्ही तीन वर्षं हेच पितोय.”

बोरसे सरांनी जारकडे पाहिलं, ग्लासकडे पाहिलं. त्यांचा हात काही उचलला नाही.