धारेतला होकार

सोमवार, २१ नोव्हेंबर १९५५. सकाळी सात वाजता कुनघाटच्या ढीवरपुऱ्यात, म्हणजे ढीवर मासेमारांच्या वस्तीत, लटारू मारबते यांच्या घराला बाहेरून कडी घालण्यात आली. लटारू आत होते. नगरपालिकेत ते या पुऱ्याचे सभासद होते आणि कडी घालणारे सगळे त्यांचे मतदार होते.

नगरपालिकेची बैठक अकराला होती. विषय एकच, मोठा तलाव. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेल्यावर हा तलाव नगरपालिकेकडे आला. वैनगंगेला पूर असतो तेव्हा नदीत जाळं टाकता येत नाही आणि उन्हाळ्यात नदी वाळूत जिरते. मधल्या दिवसांत ढीवरपुरा या तलावावर जगतो. आता तो दहा वर्षांसाठी नागपूरच्या एका ठेकेदाराला द्यावा, असा अध्यक्ष गुणवंतरावांचा ठराव होता. गुणवंतराव हे गावचे जुने मालगुजार. ठेकेदार आपली माणसं आणि आपली जाळी आणणार होता.

सभासद नऊ. गुणवंतराव धरून चार ठरावाच्या बाजूचे. बांगड्यांचे व्यापारी इनायतभाई धरून चार विरोधातले. नववे लटारू.

या नवव्या मताबद्दल गुरुवारपर्यंत कोणालाच शंका नव्हती. पाच वर्षांपूर्वी ढीवरपुऱ्याने लटारूंना निवडलं ते तलावासाठीच. निवडणूक अशी झालीच नव्हती. जातीचे पंच गोविंदाभाऊ यांनी पिंपळाखाली नाव घेतलं, दुसऱ्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि उतारूंना नदीपार नेणारा डोंगा चालवणारे लटारू नगरपालिकेच्या बाकावर जाऊन बसले. पाच वर्षांत त्यांनी पुऱ्यात एक दिवा आणला, विहिरीला ओटा बांधून घेतला, घाटावर उतारूंसाठी टिनाची शेड उभी केली. सही ते आधीपासून करत होते. बाकी जे शिकले ते बाकावर बसून शिकले. त्यातली एक गोष्ट अशी, की नगरपालिकेच्या वऱ्हांड्यात कोणी मत मागितलं तर हो म्हणायचं. सगळेच सगळ्यांना हो म्हणतात. आत गेल्यावर ज्याला जिकडे हात वर करायचा तिकडे तो करतो, आणि त्याचा राग कोणी धरत नाही.

गुरुवारी दुपारी गुणवंतराव नदीपलीकडच्या आरमोरीहून परतत होते. डोंगा लटारूंचाच होता. सभासद झाल्यावरही त्यांनी घाट सोडला नव्हता. डोंग्यात बाजार करून येणारी दहाबारा माणसं होती, त्यात निम्मे ढीवर. डोंगा नदीच्या मधोमध आला तेव्हा गुणवंतरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय लटारू, सोमवारी हात आमच्याच बाजूनं ना?"

लटारू म्हणाले, "हो जी, मालक."

डोंग्यातलं बोलणं थांबलं.

वैनगंगेच्या या पट्ट्यातले ढीवर धारेत, म्हणजे भर प्रवाहात, 'नाही' म्हणत नाहीत. डोंगा चालवणाऱ्याने धारेत नाही म्हटलं तर नदी ते ऐकते आणि मग थडीला, म्हणजे काठालाच, नाही म्हणते, अशी समजूत आहे. म्हणून धारेत कोणी काही मागितलं, विचारलं, तर ठरलेलं उत्तर असतं, 'थडी लागू द्या.' बारा वर्षांच्या पोरालाही ते येतं. आणि धारेत कोणी हो म्हटलं, तर ते पाण्यासमोरचं झालं. ते मोडणाऱ्याच्या डोंग्यात कोणी बसत नाही आणि त्याच्या जाळ्याशेजारी कोणी जाळं लावत नाही. तो शब्द परत करायचा तर ज्याला दिला त्यानेच धारेत येऊन परत करायचा.

गुणवंतरावांचा जन्म याच गावचा. त्यांना हे सगळं माहीत होतं.

"तो हो मी वऱ्हांड्यातला देला, इनायतभाई," लटारूंनी संध्याकाळी सांगितलं. "पायाखाली पानी हाये, हे ध्यानातच नाई राह्यलं."

शनिवारी गोविंदाभाऊ स्वतः गुणवंतरावांकडे गेले. एकदा डोंग्यात बसा, धारेपर्यंत चला, शब्द परत करा, एवढीच विनंती होती. गुणवंतरावांनी त्यांना चहा पाजला. म्हणाले, "येतो ना. मंगळवारी येतो. सोमवारपर्यंत जरा कामात आहे."

रविवारी पंच बसले. लटारूंनी ठरावाच्या बाजूने हात वर केला तर तलाव जातो. विरोधात केला तर धारेतला शब्द मोडतो. पंचांनी तिसरी वाट काढली. लटारूंनी जायचंच नाही. हात वरच गेला नाही तर शब्दही मोडत नाही आणि तलावही जात नाही. लटारू भर बैठकीत ओरडून सांगत होते की तिसरी वाट सरळ गुणवंतरावांच्या दारात जाते. कोणी ऐकलं नाही. सकाळी कडी पडली.

गोविंदाभाऊ दारासमोर ओट्यावर बसले. पुऱ्यातली आणखी माणसं जमली.

"गोविंदाभाऊ, कडी काढा," आतून आवाज आला. "मी नाई गेलो तं तलाव जाते."

"कसा जाईन? हातच नाई तं ठराव कायचा?"

"चार अन् चार होतेत. मंग अध्यक्षाले अखीन एक मत भेटते."

"एका मानसाले दोन मतं?" गोविंदाभाऊंनी जमलेल्यांकडे पाहिलं. "काऊन बा, दोन तोंडं हायेत का त्याले?"

लोक हसले.

"कायदा हाये, भाऊ!"

"मंग तुले काऊन एकच?"

"तो खुर्चीवर बसते. मी बाकावर बसतो."

"पाच वर्सं झाले, अन् बाकच भेटला का रे तुले?"

पुन्हा हशा झाला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "डोंग्यात हो म्हनते, घरात नाई म्हनते. याचं कोनतं खरं धराचं?" यावर मात्र कोणी हसलं नाही.

लटारूंची बायको देवकाबाई पहाटेच मासोळीची टोपली घेऊन बाजारात गेली होती. तिला कडीचं काही माहीत नव्हतं. साडेदहाच्या सुमारास इनायतभाई तिच्यासमोर येऊन उभे राहिले. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आणि देवकाबाईची बसायची जागा समोरासमोर होती.

"बाई, लटारूभाऊ कुठी हायेत? आपले तिघं पालिकेत येऊन बसले, त्यायचा पत्ताच नाई."

"घरीच अस्तीन. पंच म्हनत होते जाऊ नको. गेला नाई तं दोनी गोष्टी वाचतेत म्हने."

"या अल्ला!" इनायतभाईंनी कपाळाला हात लावला. "कोन सांगतलं असं? नाई आले तं आजच खेल खतम."

"खरंच अध्यक्षाले दोन मतं असतेत?"

"बरोबरी झाली का असतेत. मी सोता पाह्यलं. तुमच्या पुऱ्यातला दुसरा दिवा आठवते? ढीवरपुऱ्यात का बाजारात, यावर चार-चार झाले होते. त्या दिवशी लटारूभाऊ तापानं पडले होते. गुणवंतरावनं दुसरं मत टाकलं अन् दिवा बाजारात, त्यायच्या फाटकासमोर लागला."

देवकाबाईने तो दिवा रोज पाहिला होता. तो तिथे का आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने उरलेली मासोळी शेजारणीच्या हवाली केली आणि ती घराकडे निघाली. इनायतभाई मागे चालत होते, पुऱ्याच्या तोंडाशी ते थांबले. पंचांच्या कामात परक्याने पडायचं नसतं.

ती सरळ दाराशी गेली. गोविंदाभाऊ ओट्यावरून उठले.

"देवका, कडीले हात नको लावू."

"गोविंदाभाऊ, तलाव गेला तं शबूद का रांधून खाल?"

"अन् शबूद गेला तं तुह्या डोंग्यात कोन बसन?"

"कोनी नको बसू. मी टोपली घेऊन पायी फिरतो, डोंग्यात नाई फिरत."

"त्याले विचारलं का? तो का म्हन्ते?"

"कडीच्या आतल्या मानसाले का विचाराचं?" ती म्हणाली आणि तिने कडी काढली. परक्याच्या बायकोचा हात धरायला कोणी पुढे झालं नाही.

लटारू लगेच बाहेर आले नाहीत. दार उघडं होतं, समोर ऊन पडलं होतं, आणि ते खाटेवर बसून होते. जवळजवळ चार तास त्यांनी दार उघडा म्हणून ओरडा केला होता. आता उघड्या दारातून त्यांनाच पाऊल टाकायचं होतं. पंचांनी कोंडलं, असं सांगायची सोयही गेली होती.

"चाला," देवकाबाई म्हणाली.

"तुले कडी काढाले कोन सांगतलं होतं?"

"दिव्यानं," ती म्हणाली. लटारूंना त्याचा अर्थ कळला नाही. तिने खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

ते गोविंदाभाऊंसमोरून गेले तेव्हा गोविंदाभाऊ म्हणाले, "लटारू, अजूनबी बस. इथी बस माह्यापाशी. तलावाचं पाहू."

"तलावाचं आजच पाहा लागते, भाऊ."

नगरपालिकेत इनायतभाईंच्या बाजूचे सभासद वेळ काढायला मागच्या बैठकीच्या टिपणावर एकेक ओळ धरून हरकत घेत होते. लटारू आले तेव्हा पावणेबारा झाले होते. गुणवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, टिपण मंजूर करून टाकलं आणि ठराव मताला टाकला. बाजूने चार हात वर गेले. लटारूंचे दोन्ही हात मांडीवर होते.

"लटारू," गुणवंतराव म्हणाले, "धारेतलं विसरले का?"

"विसरता आलं असतं तं बरं झालं असतं, मालक."

विरोधात कोण, असं सचिवाने विचारल्यावर लटारूंनी हात वर केला. चार विरुद्ध पाच. ठराव पडला. तलाव ढीवरपुऱ्याकडे राहिला.

त्या दुपारी लटारू घाटावर गेले. पलीकडे जाणारे सात ढीवर उतारू शेडमध्ये बसले होते. लटारूंनी डोंगा लावला. सातही जण दुसऱ्या डोंग्याची वाट पाहत बसून राहिले. सोबत एक कुणब्याचं बिऱ्हाड होतं. त्यातल्या बाईने पाय उचलला, पण ढीवरच बसत नाहीत हे पाहून नवऱ्याने तिला मागे ओढलं. चार दिवस असंच झालं. पाचव्या दिवशी लटारूंनी डोंगा वाळूवर ओढून ठेवला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तलावावर पहिलं जाळं पडलं. या जाळ्याला सगळा पुरा लागतो. पंच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहून एकेका घराला नावाने हाक मारतात. मारबत्यांच्या आधीच्या घराला हाक गेली, नंतरच्या घराला गेली. लटारू पाळीच्या खाली उभे होते, ते परत फिरले. दुपारी त्यांच्या दाराशी पळसाच्या पानांवर वाटा ठेवलेला होता. इतरांना मिळाला तेवढाच, एखादी मासोळी जास्तच. तो कोणी ठेवला हे देवकाबाईला दिसलं नाही. ठेवणाऱ्याने आवाज दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लटारू इनायतभाईंच्या दुकानात गेले.

"मले सोडवा, इनायतभाई. राजीनामा देऊन राह्यलो मी. खुर्ची नाई, बाक नाई, काई नाई. नुसता ढीवर होतो. मंग पंच का दंड सांगतीन तो भरतो, अन् जाळ्यात जातो."

इनायतभाई एका गिऱ्हाइणीच्या हातात बांगडी चढवत होते. ती गेल्यावर म्हणाले, "सहा महिने झाले का पडलेला ठराव परत आनता येते. मधात निवडनूक झाली तरी मे महिन्यात गुणवंतराव आननारच. तुमी नसाल तं चार-चार."

"दुसरा कोनी निवडा."

"तुमच्या पुऱ्यालेच विचारा ना. निवडतेत का दुसरा?"

लटारूंना विचारायला जावं लागलं नाही. जानेवारीत संक्रांतीनंतर गोविंदाभाऊ त्यांच्याकडे आले. कडी काढल्यापासून ते पहिल्यांदाच या दाराशी आले होते. देवकाबाईने पाण्याचा गडू पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ओट्यावरही बसले नाहीत, अंगणात उभे राहूनच बोलले.

"यंदा निवडनूक हाये. पंच बसले होते. नाव तुहंच ठरलं."

"माह्या डोंग्यात बसत नाई तुमी."

"नाई बसत."

"जाळ्याले हाक नाई मारत."

"नाई."

"अन् नाव माह्यंच काऊन?"

"तलाव राखाले तूच पाह्यजेन," गोविंदाभाऊ म्हणाले. "दुसरा कोनी धारेत शबूद देऊन मोडनार नाई."

लटारूंनी मग काय उत्तर दिलं ते देवकाबाईला ऐकू आलं नाही, आणि गोविंदाभाऊंनी पंचांना सांगितलं नाही. उमेदवारी अर्ज भरायची मुदत महिनाअखेर होती. तीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत, एकच दिवस उरला असताना, ढीवरपुऱ्यातून कोणाचाही अर्ज आला नव्हता, लटारूंचाही नाही.