तुटकी कुठून आली

राजधानीतल्या कचेरीचं पत्र फेब्रुवारीत आलं. यंदा समुद्रात आंचोवेता मुबलक आहे, म्हणे. अरे, मुबलक आहे तर कुठे आहे ते सांगा ना! पाणी कोमट झालं की ही बोटभर मासळी थंडावा शोधत खोल जाते, लांब जाते. अख्खा समुद्र मोजून बेरीज केली की आकडा छान दिसतो. माझ्या बेटावरच्या पिल्लांना आकडा पिता येत नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेचं खत निघतं अशा या बेटावर मी एकोणीस वर्षं राखणदार आहे. समुद्रसिंहाची मादी पिल्लाला खडकावर ठेवून मासे खायला जाते आणि दोन-तीन दिवसांत दूध घेऊन परत येते. यंदा सहा-सहा दिवस होत होते. ख्रिसमसला मी दोनशे बारा पिल्लं मोजली होती, आता एकशे चाळीस उरली होती. बाकीची भुकेने मेली आणि गिधाडांनी खाल्ली.

मंगळवारी पहिल्यांदा दोन माद्या भरल्या पोटाने आल्या. बुधवारी आणखी चार. सगळ्या दक्षिणेकडून, बोडक्या सुळक्याला वळसा घालून. म्हणजे तिकडे कुठेतरी गार पाणी होतं आणि मासा होता. गुरुवारी फॉर्तुनातो कोळी आला की त्याला हे सांगायचं, असं मी ठरवलं. त्याच्या लेकीचा, नीव्हेसचा, मी बाप्तिस्म्यापासून धर्मपिता आहे, म्हणून तो मला कोंपाद्रे म्हणतो. पोरगी तीन आठवडे नुसत्या शेवयांवर होती, आणि तिचा बाप समुद्रात जाऊन रिकाम्या हाताने परतत होता.

गुरुवारी सकाळी फॉर्तुनातो माझं पाणी आणि पाव घेऊन धक्क्याला लागला. नावेत फाटकं जाळं होतं आणि त्यावर बंदूक.

"बघ, कोंपाद्रे, तुझ्या लाडक्यांचे प्रताप!" तो खालूनच ओरडला. "चार बोया मासळ्या लागल्या होत्या, त्यापण जाळं फाडून खाल्ल्या लांडग्यांनी." समुद्रसिंहांना आमचे कोळी लांडगेच म्हणतात.

"त्यांनाही काही मिळत नाहीये, फॉर्तुनातो. म्हणून जाळ्याकडे येतात."

"मग मी काय करू, ताट वाढून देऊ? तुझं बरंय बाबा, पगार घे आणि लांडगे मोज!"

"बंदूक खाली ठेव आधी. वर ये, तुला एक सांगायचंय."

"नेहमीचंच सांगशील. पिल्लं रडतात, पिल्लं मरतात. माझं पिल्लू नाही दिसत तुला?"

हे मला लागलं. मी पायऱ्या उतरायला लागलो, तेवढ्यात सुळक्यापलीकडून तुटकी येताना दिसली. हिचा उजवा पुढचा पर कुणीतरी चावून तोडलेला, म्हणून मी लांबूनही ओळखायचो. पाच दिवसांनी येत होती. खडकावरून तिच्या पिल्लाने आवाज दिला आणि तिने पाण्यातूनच ओ दिली.

ती धक्क्याजवळ आली तेव्हा कुठे फॉर्तुनातोला दिसली आणि त्याने बंदूक उचलली. मी ओरडलो, पण गोळी सुटली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तुटकीला आकड्याने ओढून धक्क्यावर घेतलं, सुरा काढला आणि म्हणाला, "आता दाखवतोच तुला, माझ्या बोया कुठे गेल्या त्या."

त्याने पोट फाडलं. बोई एकही नव्हती. आंचोवेता होती, ओंजळी-ओंजळीने, ताजी, काहींचे डोळेही अजून चकचकीत. महिन्याभरात आमच्या किनाऱ्यावर कुणी ती बघितली नव्हती. खडकावर पिल्लू अजून हाक मारत होतं. दुसरी कुठलीही मादी त्याला जवळ करणार नव्हती, चावून हाकलणार होती. वड्याचं तेल वांग्यावर काढलं होतं त्याने, आणि वांगं असं की अख्ख्या समुद्रात मासा कुठे आहे हे त्यालाच ठाऊक.

फॉर्तुनातो गुडघ्यांवर बसला. एक मासा उचलून त्याने हुंगला. आवाज एकदम उतरला.

"कोंपाद्रे... ही कुठून आली? तू वरून बघतोस रोज. कुठल्या बाजूने येतात या?"

"तिलाच विचार."

"चेष्टा करू नको रे. घरी पोरगी आहे."

"मलाही माहीत आहे घरी पोरगी आहे. तिलाच विचार म्हटलं ना!"

 त्याने पाव आणि पाण्याचे डबे धक्क्यावर ठेवले, नावेत बसला आणि इंजिन चालू केलं. बाहेर पडल्यावर तो क्षणभर घुटमळला आणि त्याने नाव उत्तरेला वळवली. उत्तरेला काही नव्हतं. नुसतं कोमट पाणी.

नीव्हेस माझ्या डोळ्यांसमोर आली, खोटं कशाला सांगू. तो हाकेच्या अंतरावर होता. एक हात दक्षिणेकडे केला असता तरी पुरलं असतं.

मी हाक मारली नाही. पिल्लू मात्र अंधार पडेपर्यंत मारत होतं.