बिअरच्या बारा बशा

माझ्या सासऱ्यांच्या, डेन्झिलबाबांच्या बागेत एकही गोगलगाय नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ते स्वतःच सांगत फिरायचे ना! शनिवारी डेलियाच्या फुलांचं प्रदर्शन होतं आणि गेली नऊ वर्षं कप आमच्याच घरात होता.

खरं काय ते मला ठाऊक होतं. संध्याकाळी बाबा वाफ्यांत बिअरच्या बारा बशा ठेवायचे, सकाळी त्यांत बिनशंखाच्या गोगलगायी बुडून पडलेल्या असायच्या. विषारी गोळ्या बाबा टाकत नसत, माझ्या पास्कोच्या पोटात जातील म्हणून. माझ्या कुत्र्याचा तेवढाच एक लाड. पास्को त्या बशा चाटूनपुसून साफ करायचा.

"बेवडा लेकाचा!" बाबा म्हणायचे. मीही हसायचे.

मग तो खोकायला लागला.

"घशात कुसळ अडकलं असेल. तुला कशाचाही बाऊ करायची सवय!" बाबा म्हणाले.

नवरा मासेमारीच्या बोटीवर, घर बाबांचं, गाडीची किल्ली बाबांच्या खिशात. मी तोंड शिवून बसले. पास्को जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर दमून बसू लागला, तरी गप्प. असे तीन आठवडे गेले.

गुरुवारी काटेरी झुडपानं त्याचा कान ओरखडला. एवढासा ओरखडा, पण तासभर रक्त थांबेना. तेव्हा बाबांनी आपणहून किल्ली काढली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्या पाहिल्या, छाती तपासली. "गोगलगायी खातो का हा?"

"माझ्या बागेत?" बाबा दाराला टेकून उभे होते. "एक दाखवा, मिशी उतरवून ठेवीन!"

त्या खोलीला दार एकच.

"बारा बशा," मी म्हणाले. "रोज चाटतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रक्ताची तपासणी तिथेच झाली. फुप्फुसातला जंत. गोगलगायीतून येतो, बेडकातून येतो, आणि मग रक्त गोठेनासं होतं.

"जंताचं औषध देत होतात?"

"दर तीन महिन्यांनी. दुकानातलं."

"त्यानं हा जंत मरत नाही. याचं वेगळं असतं, आम्ही लिहून देतो, दर महिन्याला. खोकला सुरू झाला तेव्हाच आणायला हवं होतं त्याला." त्यांनी पास्कोला ठेवून घेतलं.

परतताना आमची गाडी एका ट्रॅक्टरच्या मागे अडकली. दोन्हीकडे उंच बांध, मध्ये जेमतेम एका गाडीची वाट.

"परक्यापुढे खोटं पाडलंस मला," बाबा म्हणाले.

"हो."

मग म्हणाले, "तीन आठवडे खोकत होता. मला खडसावलं का नाहीस?"

"तुमच्या घरात राहून?"

तेवढ्यात मला दवाखान्यातून फोन आला. छातीत रक्त साकळून पास्को गेला होता.

"गाडी वळवा," मी ओरडले. त्यांच्यावर आवाज चढवायची ही माझी पहिलीच वेळ. "आत्ताच्या आत्ता मागे वळवा!"

बाबांनी आरशात पाहिलं, दोन्ही बांधांकडे पाहिलं.

"इथं वळत नाही गं, पोरी," ते म्हणाले.