रेडिओला न चालणारी पेटी

मी पेटी बोलतेय. हार्मोनियम म्हणा हवं तर. पण प्रमोदिनी मला पेटीच म्हणते, आणि तिच्याइतकं लाडानं कुणी म्हणत नाही.

माझा जन्म पुण्याचा. प्रमोदिनीचे यजमान दीनानाथराव केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांची दिल्लीला बदली झाली, तेव्हा तिच्या मांडीवर बसून मीही निघाले. वाटेत घाटात इंजिन दमलं, ते माझ्या भात्याच्या वाऱ्यानं वर चढलं. खोटं वाटत असेल तर इंजिनाला विचारा.

लोदी कॉलनीतल्या क्वार्टरात रोज सकाळी ती आणि मी, मध्ये कुणी नाही. मराठी भावगीतं आम्हाला येतच होती, हिंदी गीतं आम्ही तिथं मिळून शिकलो.

मग तो आला. मायक्रोफोन.

रेडिओवर तिची निवड झाली. मी तेलपाणी करून, चकचकीत होऊन दाराशी बसले. निघताना म्हणते कशी, "तू नाही गं यायचंस. तिथं पेटीला मनाई आहे."

खरंच होती हो, त्या काळी! मला मींड घेता येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि मी म्हणे परदेशी. आणि तो लोखंडी मुंडक्याचा काय नाशिकचा होता?

तिथून ती त्याची झाली. पुढे एक अख्खा कार्यक्रमच तिच्याकडे आला. हिंदीत गप्पा, चुटके, फर्माइशी आणि शेवटी एक मराठी गाणं. घरी मला, "भाता फाटला वाटतं मेलीचा!" आणि त्याला, "आइए, ज़रा पास आकर सुनिए!" पानिपतहून चादरी विणणारे मराठी गाण्याची फर्माइश पाठवायचे. पानिपतावर मराठ्यांचा तेवढा एक विजय झाला, आणि नेमकी तिथंही मी नव्हते.

एकदा रेकॉर्डिंगच्या सकाळी मी पंचम धरला तो सोडलाच नाही. पट्टी वर येईना, सूर थांबेना. दीनानाथराव म्हणाले, "कालच्या आंधीची धूळ गेली असेल." धूळ कसली, जळफळाट होता तो! गाणं बिघडेल, मग त्या दोघांचं फाटेल, असा माझा बेत. तर ही त्या सुरावर थांबली आणि म्हणाली, "अगंबाई, हे छान वाटतंय की!" स्टुडिओत तस्संच गाऊन आली. दिल्लीभर वाहवा. आणि नाव कुणाचं? "माइक पे क्या आवाज़ है जी!"

पुढे मनाई उठली. मी पुन्हा नटले. तर स्टुडिओनं स्वतःची पेटी आणून ठेवलेली! एक सवत कमी होती म्हणून दुसरी.

वर्षं गेली. दीनानाथराव गेले, कार्यक्रम संपला. आम्ही दोघी फरीदाबादला, तिच्या लेकीकडे, अलकनंदाकडे आलो.

परवा रेडिओवाले घरी आले, जुन्या कलाकारांच्या मुलाखती घेत. तो मायक्रोफोनही होता, आता पदराला अडकवायचा, बोटाएवढा झालेला. "मॅडम, एक गाना हो जाए?"

वरच्या षड्जाला आता प्रमोदिनीचा आवाज फाटतो, हे घरात आम्हा तिघींनाच ठाऊक.

"आई, राहू दे ना यार," अलकनंदा कुजबुजली.

"राहू दे काय? माझ्यासाठी आलेत ते." तिनं मला पुढ्यात ओढलं.

आयुष्यभर याच क्षणासाठी जळत होते मी. आज त्याच्यासमोर असं वाजायचं, की ती फिकी पडली तरी बेहत्तर. अंतरा चढला, वरचा षड्ज आला आणि तिचा आवाज सुटू लागला. नुसतं गप्प राहिले असते तरी त्याच्यापुढे तिची फजिती झाली असती.

नाही जमलं मला. होता नव्हता तेवढा वारा काढून मी तिच्या सुराखाली शिरले. ती कुठं संपली, मी कुठं सुरू झाले, त्या दीडशहाण्याला पत्ता लागला नाही.

काल कार्यक्रम लागला. लगेच शेजारणीचा फोन, "आंटीजी, आवाज़ तो बिल्कुल वैसी ही है!" पेटीचं नावही नाही.

प्रमोदिनीनं फोन ठेवला, माझ्याजवळ येऊन बसली. "ऐकलंस? वैसी ही म्हणे."

मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, एवढंच मागणं आहे. त्या बोटभर कार्ट्याला तर मुळीच नाही. त्याला अजून वाटतंय, ती त्याच्यासाठी गायली.