लंडन त्यात येत नाही

दादरच्या ट्रॅव्हल ऑफिसात, सगळ्यांदेखत, रामजीच्या डोक्यात तिडीक गेली. विमान आठवड्यावर आलं होतं आणि तिथली शैला थंडपणे सांगत होती की या व्हिसावर पॅरिसला जा, स्वित्झर्लंडला जा, मधे कुणी अडवणार नाही. पण लंडन त्यात येत नाही. त्याचा व्हिसा वेगळा, आणि तो आता वेळेत हातात पडायचा नाही.

"अहो, निघायचं निघायचं म्हणतायत, पण ब्रिटन अजून युरोपियन युनियनमध्येच आहे ना?" रामजी कडाडला. स्वित्झर्लंड तर युनियनमध्ये कधीच नव्हतं, तरी ते आत आणि ब्रिटन बाहेर, हा कुठला न्याय? शैला म्हणाली, युनियन वेगळी, हे शेंगेन वेगळं, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट. आणि सर, तुम्हीच युरोपचा व्हिसा काढा म्हणालात. आता बोला! बँकेत ऑफिसर झाल्यापासून गड्याची कुणाला काही विचारायची सवयच गेली होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

परळच्या चाळीत त्याची आई, कमळाबाई, विहारातल्या बायकांचे निरोप गोळा करत बसली होती. बाबासाहेब शिकताना लंडनच्या ज्या घरात राहिले, तिथं जाऊन हात जोडायचे, एवढंच तिचं मागणं. संपात नवऱ्याची गिरणी गेली ती गेलीच. मग बाईने घरोघर भांडी घासून पोराला शिकवलं, का तर बाबासाहेब शिका म्हणाले होते. आता छातीचं दुखणं लागलेलं. डॉक्टरने बजावलं होतं, जायचं तर याच वर्षी.

रामजीने तिला चाळीच्या भाषेत समजावलं. आपल्या तिन्ही चाळींना गॅलरी एकच, एका जिन्याने चढलं की कुठंही फिरा. लंडन म्हणजे समोरची बिल्डिंग, तिचा वॉचमन वेगळा. तिला लगेच कळलं. हा मात्र थांबेना. पॅरिसचा टॉवर बघ, बर्फाचे डोंगर बघ, लंडन काय, पुढच्या वर्षी करू. पुढचं वर्ष तोंडातून गेलं आणि तो स्वतःच चरकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.



"मी लंडनच म्हटलं होतं रे," कमळाबाई म्हणाली. "युरोप तू म्हणालास."