एकपुरेबाई

आईचं खरं नाव शहरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पगाराच्या दिवशी कार्यालयात तेवढं ते मोठ्यानं वाचलं जाई. एरवी शाळकरी पोरांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच: एकपुरेबाई आल्या, एकपुरेबाई गेल्या.

त्या काळी सरकारला माणसं फार झाली होती. घरोघरी जाऊन ‘एक मूल पुरे’ हे बायकांच्या गळी उतरवायचं, ही आईची नोकरी. बाकीच्या बाया भोंगा घेऊन हिंडत आणि दारं धाडधाड बंद होत. आईची रीत वेगळी होती. ती घरात शिरली की आधी बघायची, बाईच्या हातात काय काम आहे. घड्या घालायचे कपडे असोत, सोलायच्या शेंगा असोत, गुंडाळायची लोकर असो. ती खाली बैठक मारायची आणि त्या कामात हात घालायची. हात गुंतले की माणूस खरं बोलतं, असं तिचं म्हणणं. ढीग निम्मा झाला की मग हळूच विषय काढायचा. आपले अर्धे कपडे मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला ‘चालती हो’ कोण म्हणणार?

आणि बोलणं कमी पडलंच, तर मुलगी होती. सुट्टीच्या दिवशी घट्ट वेणी घालून, बूट चकचकीत करून आई तिला फेरीवर न्यायची. “ही बघा. एकच आहे. दूध हिचं, शाळा हिची, आई-बाप हिचे. वाटेकरी नाही.” बायका हनुवटीला धरून तिचा चेहरा इकडून तिकडून बघत. कार्यालयातल्या लोकांनी तिचं नाव नमुना ठेवलं. पुढं आईही तेच म्हणू लागली. लाडात आली की नमुना, आणि चिडली की दात-ओठ खाऊन नमुना.

नमुना आता पन्नाशी ओलांडून गेली होती. लग्न केलं ते टिकलं नाही, मूल झालं नाही, बाप जाऊन जमाना लोटला. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांच्या नाकावर चष्मा बसवायचा, काड्या कानामागे बेताच्या वाकवायच्या. पूर्वी दुकानाची एक अख्खी भिंत लहान मुलांच्या रंगीत फ्रेमांची होती. आता त्या एका खणात मावत होत्या, आणि तो खणही आठवड्यातून एखाद्या वेळी उघडायचा.

कारण सरकारला आता माणसं कमी पडली होती. कोपऱ्याकोपऱ्यावर फलक लागले होते, त्यांच्यावर तीन गुबगुबीत पोरं. तिसऱ्या मुलाला घर, दुसऱ्याला भत्ता, आणि पहिल्याला नुसतंच अभिनंदन.

आईला मात्र हे कुणी कळवलेलं नव्हतं. म्हणजे कळवलं होतं, पण लक्षात राहिलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासून तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती आणि मागे उरली होती ती नोकरी. सकाळी पर्स काखेला मारून ती फेरीला निघायची, इमारतीतल्या घंटा वाजवायची. इमारतीत सगळी म्हातारीकोतारी. खालच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या आजीला तिनं दारात उभं राहून बजावलं, “दुसऱ्याचा विचार करू नकोस हं आता.”

आजी म्हणाली, “तुम्ही म्हणताय म्हणून थांबते हो बाई. नाहीतर आज करणारच होते.”

हसून घ्यायचे तेवढे दिवस हसून झालं. मग दिवसभर सांभाळायला येणारी बाई काम सोडून गेली. “माझ्या लेकीला तिसरं झालं,” ती म्हणाली. “नातवंड सांभाळायचा सरकार आता आजी-भत्ता देतं. परक्याची आई कशाला सांभाळू? राग मानू नका.” राग कसला मानायचा? दुसरी बाई मिळेना. असतील त्या सगळ्या आपापल्या घरी आज्या झालेल्या. नमुना आईला कुलपात ठेवून दुकानात जाऊ लागली, आणि एके दिवशी घरी आली तर जिन्यात गॅसचा वास. आई खुर्चीत शांत बसलेली. “चहा ठेवलाय,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नमुना आईला घेऊन वृद्धनिवासात जागा मागायला गेली. जागा देणारं कार्यालय तेच, आईचं. पाटी बदलली होती, बाकं तीच होती.

टेबलामागचा अधिकारी तरुण होता आणि दमलेला होता. “अपत्यं किती मावशींना?”

“एक. मी.”

“मग वेळ लागेल, ताई. जिला जास्त मुलं तिचा नंबर आधी. मातांचा सन्मान म्हणून.”

“पण जिला तीन आहेत तिला बघायला तीन माणसं आहेत,” नमुना म्हणाली. “जिला एकच, तीच शेवटी?”

“तर्क मला विचारू नका. नियम वर होतो, इथं नुसता पोचतो.”

“तिनं एकच ठेवलं ते ह्याच कार्यालयाच्या सांगण्यावरून. नोकरी इथंच केली तिनं. एकपुरेबाई म्हणायचे तिला.”

अधिकाऱ्यानं मान वर केली. “म्हणजे खरंच होत्या? माझी आई अजून नाव काढते त्यांचं. मला एक भाऊ व्हायचा होता म्हणे.”

“नाव कसं काढते?”

“ते दिवसावर असतं,” तो म्हणाला, आणि नमुनाच्या मागे बघून उठलाच. “अहो, मावशी कुठं गेल्या?”

मावशी पलीकडच्या खिडकीपाशी गेल्या होत्या. तिथं पोटुशा बायकांची रांग होती. सरकारकडून बाळाच्या कपड्यांची पिशवी मिळत होती. पिवळ्या स्वेटरमधली एक बाई बाकावर बसून आपली पिशवी उलगडून बघत होती. आई तिच्या शेजारी टेकली होती आणि टीचभर झबली मांडीवर घेऊन घड्या घालत होती.

“कितवं गं?”

“तिसरं, आजी.”

“अगो बाई! एक पुरे होतं की.”

सगळं बाक खदखदून हसलं. “आजी, एकात घर मिळत नाही!” पलीकडून कुणीतरी म्हणालं. “घरजावई मिळेल फार तर!”

आई हसली नाही. हातातलं झबलं तिनं नीट दुमडलं. “घराचं राहू दे. तुला हवंय का?”

पिवळ्या स्वेटरवाली हसायची थांबली. मग तिनं आईच्या मांडीवरचे कपडे घाईघाईनं उचलून पिशवीत कोंबले आणि तोंड फिरवून बसली. शिपाई धावत आला. नमुना माफी मागू लागली. कुणाची ते तिलाही कळत नव्हतं.

अधिकाऱ्याला राग आला नव्हता. तो विचारात पडला होता. दाराशी येऊन त्यानं नमुनाला बाजूला घेतलं. “ताई, एक मार्ग आहे. आमची मोहीम चालू आहे. जुन्या एकपुरेबाईंनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलं की माझं चुकलं, एकानं भागत नाही, तर मोठ्या साहेबांच्या अखत्यारीत एक जागा आहे. बागेसमोरचा निवास. चांगला आहे, माझी आजी तिथंच होती.”

“तिला काल जेवली ते आठवत नाही.”

“एकच वाक्य आहे, ताई.”

रविवारी दुपारी नमुनानं वाळलेले कपडे पलंगावर ओतले आणि आईला समोर बसवलं.

“म्हण, माझं चुकलं.”

“कुणाचं?”

“तुझं.”

“काय चुकलं माझं?” आईनं अगदी सरळ विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

ह्या प्रश्नाचं उत्तर नमुनाकडे वर्षानुवर्षं तयार होतं. वडिलांच्या आजारपणात तिनं ते एकटीनं घोकलं होतं, दवाखान्याच्या जिन्यात, औषधांच्या रांगेत. आता ते ओठांशी आलं आणि तिथंच बसलं. ती टॉवेल झटकू लागली. आई जवळ सरकली आणि तिनंही एक टॉवेल उचलला. दोघी घड्या घालत राहिल्या. ढीग निम्मा झाला तेव्हा आईनं घसा साफ केला. तिचा आवाज बदलला होता, परक्या घरात बोलायचा झाला होता.

“तुला एक मुलगी आहे ना? गोड आहे हं. आता तिच्यावरच थांब.”

नमुनाचे हात क्षणभर थांबले. मग ती म्हणाली, “थांबेन हो ताई. पण उद्या आम्ही म्हातारे झालो म्हणजे? ती एकटीच पडेल ना.”

“एकटी कशी? सरकार आहे. वरून तसा शब्दच आलाय. तुम्ही एक ठेवा, तुमचं म्हातारपण आमच्याकडे लागलं. मी काय उगाच सांगत हिंडते का दारोदार?”

“तुमचा विश्वास आहे?”

“म्हणजे काय!” आईला हसू आलं. “कार्यालय आहे ते. पळून थोडंच जाणार आहे?”

“आणि तुम्हाला, ताई? दुसरं नको वाटलं तुम्हाला?”

आईनं उशीचा अभ्रा मांडीवर ताणून हातानं सारखा केला. “वाटायला काय झालं? दिवस राहिलेसुद्धा होते. पण फेऱ्या चालू होत्या. आपलं पोट पुढं घेऊन दुसरीला कुठल्या तोंडानं सांगणार? पाडून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी गेले कामावर.” मग ती पुढं वाकून हलक्या आवाजात म्हणाली, “घरी माझ्या मुलीला काही बोलू नकोस हं. भाऊ हवा म्हणून मागे लागलेली असते.”

नमुनानं हातातला टॉवेल उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

चित्रीकरणाच्या दिवशी आईला कार्यालयाच्या सभागृहात खुर्चीवर बसवलं. कुणीतरी तिच्या गालांना पावडर लावली. मागे तीन गुबगुबीत पोरांचा फलक होता. आई खूश होती, ओळखीच्या इमारतीत आल्यावर माणूस असतं तशी.

“हां आजी, बोला,” कॅमेरावाला म्हणाला.

“एक मूल पुरे,” आईनं खणखणीत सांगितलं.

“पुरे नाही म्हणायचं, आजी.”

“नवीन दिसता तुम्ही. वाक्य असं नाहीये.”

“बदललंय ते.”

“बदललं तर वरून कागद येतो. कागद दाखवा.”

तिकडे कोपऱ्यात कुणीतरी हसू दाबलं. चार-पाचदा घेतलं, आणि दर वेळी आईनं ते अधिकाधिक सुरेख म्हटलं. अधिकाऱ्यानं कपाळ पुसलं. मोठे साहेब संध्याकाळी बघणार होते, आणि जागेसाठी आणखी दोन जण मागे लागले होते. त्यानं नमुनाकडे पाहिलं.

“ताई, तुम्हीच बसता का? एकुलत्या एका मुलीचं मनोगत. तेही चालेल. जागा मी धरून ठेवतो.”

आईला उठवून कॅमेऱ्यामागे नेलं आणि नमुना त्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून उबदार होती. समोर दिवा होता, त्याच्यामुळं पलीकडचं कुणी दिसत नव्हतं. ते बरंच होतं. काय म्हणायचं ते अधिकाऱ्यानं सांगितलं होतं, पण त्याची गरज पडली नाही.

“मला भावंड नाही,” ती म्हणाली. “वडील गेले तेव्हा मी एकटीच होते. आता आईला मी एकटी सांभाळते. ती मला ओळखत नाही. तिला कुलपात ठेवून कामावर जाते. जाताना वाटतं, कुणाला तरी फोन करावा, म्हणावं, आज तू ये. असं म्हणायला कुणी नाही. कधी कधी मला तिचा राग येतो. मग त्याचीही लाज एकटीलाच वाटते.” ती थांबली. राहिलेलं वाक्य तिला माहीत होतं. “माझ्या आईनं... आईनं चूक केली.”

दिव्याच्या आड हालचाल झाली. आई तारा ओलांडत, कुणाला न जुमानता पुढं आली. तिनं नमुनाचा हात हातात घेतला आणि तिच्याकडे वाकून पाहिलं. डोळे भरले होते.

“कोण गं तुझी आई? अशी कशी एकटीला टाकलं तिनं?”

नमुना तिच्या गालावरच्या पावडरीकडे बघत राहिली.

“आहे का ती अजून?”

“आहे.”

“मग सांग तिला एकदा तोंडावर. मनात ठेवू नकोस.”

“सांगितलं,” नमुना म्हणाली. “आत्ताच.”

“काय म्हणाली?”

कॅमेरावाला खाकरला. “ताई, शेवटचं परत घ्यावं लागेल. आजी मध्ये बोलल्या.” अधिकारी त्याच्या कानाला लागला, आणि तो पुढं म्हणाला, “आजींना बसू द्या तिथंच. चांगलं दिसतंय. फक्त बोलू नका म्हणावं.”

शेजारी दुसरी खुर्ची आणून ठेवली. आईनं ओठांवर बोट ठेवून दाखवलं, म्हणजे कळलं.

नमुनानं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. ह्या खेपेला ती कुठं अडली नाही. आई तिचा हात धरून ऐकत राहिली, आणि शेवटच्या वाक्याला तिनं मान डोलावली.